बांबू, जावा आणि टीपी

२००६ साल संपता संपता दोन कुलपं उघडली. १३ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियातल्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनं जाहीर केलं, की जावा ही आपली प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिचा सगळा सरंजाम आता खुला. कोणीही तिचा कोड वाचावा, वापरावा, त्यात फेरफार करावा, दुसऱ्याला द्यावा. आणि १८ डिसेंबरला दिल्लीत राज्यसभेनंही वनहक्क कायदा मंजूर केला. जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांचा त्या जंगलावर, तिथल्या मोहावर, तेंदूवर, बांबूवर हक्क आहे, असं त्यात लिहिलं होतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याच्या बाजारात पहिली बातमी कोणाच्या कानावर गेली नाही आणि कॅलिफोर्नियात दुसरी. दोन्हीकडच्या माणसांना आपापली कामं होती.

मी त्या काळात चंद्रपुरात लाकूड-बांबूच्या कागदांवर बसणारा कारकून होतो. वाहतूक परवान्याला आमच्याकडे वाहतूक परवाना कोणी म्हणत नाही, टीपी म्हणतात. माल कोणता, किती, कुठून निघाला, कुठे चालला, कोणत्या रस्त्यानं जाणार, कागद किती तारखेपर्यंत चालणार, हे सगळं त्या एका चिठोऱ्यावर. ट्रक सागानं भरलेला असो की बांबूनं, नाक्यावरचा माणूस आधी मालाकडे बघत नाही, टीपीकडे बघतो. सागाच्या लठ्ठ्यावर निदान हातोड्याची निशाणी तरी असते. एकेका बांबूवर कोण हातोडा मारत बसणार? म्हणून बांबूचा सारा जीव त्या कागदात. टीपी असेल तर तो माल, नसेल तर चोरी. बांबू तोच.

निवृत्त झाल्यावर या ज्ञानाचा कोणाला उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. झाला तो भाचीच्या लॅपटॉपवर जावा बसवताना.

भाची गडचिरोलीला बीसीए करते, घर धानोरा तालुक्यात. सुट्टीत आली ती लॅपटॉप काखोटीला मारूनच. म्हणाली, “मामा, सारे म्हणतेत जावा फुकट हाये. फुकट हाये तर माह्या लॅपटॉपवर काहून येऊन नाही राहिली?”

प्रश्न नेमका होता. कॉम्प्युटरच्या जाणकारांनाही तो पुरता सुटायला दहा-बारा वर्षं लागली. आणि त्याचं उत्तर तिच्याच तालुक्यात, गडचिरोलीहून धानोऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर, आधीच लिहून ठेवलेलं आहे.

त्या रस्त्यावर मेंढा (लेखा) हे गोंडांचं लहानसं गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वांच्या सहमतीनं, बहुमतानं नाही. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांमध्ये. कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून नावानिशी घातलेला. म्हणजे बांबू गावाचा झाला. सत्कार झाले, फोटो निघाले. मग गावानं बांबू विकायचं ठरवलं तेव्हा कळलं, की टीपी द्यायचा अधिकार आहे तिथेच आहे, आणि जुन्या कायद्याच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांना बांबू अजूनही झाडच दिसतो. हक्क गावाचा, कागद दुसऱ्याचा. बांबू जागच्या जागी वाढत राहिला.

२७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि टीपीचं पुस्तक गावचे पुढारी देवाजी तोफा यांच्या हाती दिलं. तिथून पुढे ग्रामसभा स्वतः टीपी फाडू लागली आणि बांबूची गाडी गावाबाहेर पडू लागली. मधली जवळजवळ दोन वर्षं हक्क होता, माल होता, गिऱ्हाईक होतं. नव्हतं ते एक पुस्तक, जे माझ्या टेबलावर वर्षानुवर्षं चहाच्या कपाखाली पडलेलं असायचं.

जावाचंही अगदी हेच झालं. फरक एवढाच, की तिथे कोणी मंत्री आला नाही.

सननं २००६ मध्ये जाहीर केलं आणि मे २००७ मध्ये बहुतेक कोड ओपनजेडीके या नावानं खरोखरच बाहेर ठेवला. बहुतेक. चारेक टक्के भाग त्यांना देताच येत नव्हता, कारण तो मुळात त्यांचा नव्हता. अक्षरं रेखाटण्याचा, आवाजाचा, असा काही भाग दुसऱ्यांकडून घेतलेला होता. शंभर बांबूंतले चार काढून घेतले तर मोळी फार तर हलकी होते. प्रोग्रॅममधले चार टक्के काढले तर तो चालतच नाही. रेड हॅट कंपनीच्या मंडळींनी लगेच त्या भोकांत खुली ठिगळं घालायला सुरुवात केली आणि त्या कामाला आइस्डटी नाव दिलं. वर्षभरात, २००८ च्या जूनमध्ये, ती ठिगळं लावलेली जावा सगळ्या अधिकृत चाचण्यांतून पार झाली.

तरीही भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. कारण कोड खुला असणं आणि तो तुमच्या लॅपटॉपवर चालणं यात एक आख्खा कारखाना आहे. कोड म्हणजे माणसानं वाचायचा मजकूर. तो यंत्राला कळेल असा बांधून घ्यावा लागतो. विंडोजसाठी वेगळा, लिनक्ससाठी वेगळा, मॅकसाठी वेगळा. त्या बांधून झालेल्या गठ्ठ्याला बिल्ड म्हणतात. आणि गंमत अशी, की जावा बांधायला आधी जावा लागते. २१ क्रमांकाची जावा बांधायची तर २० किंवा २१ क्रमांकाची तयार जावा हाताशी हवी. दह्याला विरजण लागतं तसं. ज्याच्या घरी विरजण नाही त्याला दुधाच्या नदीकाठी बसवलं तरी ताक मिळायचं नाही. मग पुढे कंपायलर हवा, भरपूर मेमरी हवी, वेळ हवा, आणि बांधून झाल्यावर ती बरोबर बांधली गेली की नाही हे पाहायला हजारो चाचण्या हव्यात. हे बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कोण करणार?

लिनक्सवाले आपापल्या घरी बांधून ठेवायचे, म्हणून त्यांना त्रास नव्हता. बाकीचं जग सनकडून, आणि २०१० च्या जानेवारीत ओरॅकलनं सन विकत घेतल्यावर ओरॅकलकडून, तयार गठ्ठा उचलायचं. पैसे लागत नव्हते, त्यामुळे हा गठ्ठा आपल्या हक्काचा की कंपनीच्या मर्जीचा, हे कोणी विचारलं नाही. आपल्याकडची सेतू केंद्रं, ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं, ठेकेदारांच्या ई-निविदा भरणारी पोरं यांच्या पडद्यावर वाफाळत्या कपाचं ते चित्र वर्षानुवर्षं होतं. डिजिटल सही करायला कित्येक संकेतस्थळं जावा मागायची. ‘जावा अपडेट मागून राहिली’ हे वाक्य मी तेंदूच्या लिलावाच्या दिवसांत इतक्यांदा ऐकलंय, की ही कोणीतरी हट्टी बाई असावी असं एका म्हाताऱ्या ठेकेदाराला वाटायचं.

मग कंपनीची मर्जी बदलली. २०१८ च्या सप्टेंबरात आलेल्या ११ क्रमांकापासून ओरॅकलचा गठ्ठा धंद्यात वापरायचा तर पैसे, आणि २०१९ च्या जानेवारीनंतर जुन्या ८ क्रमांकाची नवी दुरुस्तीही धंदेवाल्यांना फुकट नाही. २०२१ मध्ये १७ क्रमांकाच्या वेळी कंपनीनं काही अटींवर पुन्हा दार उघडलं. २०२३ मध्ये तिनं विकतच्या जावाचा हिशेब बदलला: किती जण जावा वापरतात ते मोजायचं नाही, कंपनीत माणसं किती ते मोजायचं. दर, तेव्हा, दरडोई महिन्याला १५ डॉलर, मोठ्या गिऱ्हाइकाला कमी. अर्धवेळ माणूस धरायचा, कंत्राटी धरायचा. गेटवरच्या चौकीदारानं जन्मात जावा पाहिली नसली तरी तो हिशेबात आहे. गावातल्या एकानं बांबू तोडला म्हणून पाळण्यातल्या पोरासकट साऱ्या गावाकडून पैसे घ्यावेत, असा हा दर आहे. मी सरकारी नियमांच्या जंगलात आयुष्य काढलं, पण ही कल्पना आमच्या कोणत्याही साहेबाला सुचली नसती. त्यांच्याकडे प्रतिभा कमी पडली.

या सगळ्याची चाहूल आधीच लागलेल्या काही प्रोग्रॅमरांनी २०१७ मध्ये अडॉप्टओपनजेडीके नावाचं काम सुरू केलं. कोड खुला आहे ना, मग कारखानाही आपणच उघडू. तिन्ही-चारही प्रकारच्या यंत्रांसाठी बांधू, तपासू आणि कोणालाही देऊ. पुढे हे काम एक्लिप्स फाउंडेशनच्या छपराखाली गेलं, नाव झालं अडॉप्टियम, आणि २०२१ पासून त्यांच्या गठ्ठ्याचं नाव आहे टेमुरिन. मेंढ्याला २०११ मध्ये मिळालं ते पुस्तक जावावाल्यांना इथे मिळालं, असं मी भाचीला सांगितलं. तिनं मान डोलावली. ते पटल्यामुळे की मामाचं लवकर संपावं म्हणून, हे सांगता येत नाही.

एकदा वाट झाल्यावर त्या वाटेनं सगळेच आले. ॲमेझॉनचा गठ्ठा आहे, मायक्रोसॉफ्टचा आहे, अझुलचा आहे, रेड हॅटचा, आयबीएमचा, बेलसॉफ्टचा, चीनच्या अलीबाबाचासुद्धा. आत कोड बहुतेक ओपनजेडीकेचाच. नावं मात्र अशी, की कॅन्टीनची पाटी वाचतोय असं वाटावं. बेलसॉफ्टची लिबेरिका ही कॉफीची एक जात. अलीबाबाची ड्रॅगनवेल हा चिनी हिरवा चहा. ॲमेझॉनची कोरेट्टो म्हणजे इटलीत दारूचा थेंब टाकून पितात ती कॉफी. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली नि २०२१ ला उठली. कोरेट्टो मात्र दोन्ही जिल्ह्यांत राजरोस उतरवून घेता येते, आणि अजून कोणी मोर्चा काढलेला नाही.

कोणता गठ्ठा घ्यावा यावर जाणकार तासन्‌तास भांडू शकतात. शिकणाऱ्या पोरांना माझं सांगणं सरळ आहे: टेमुरिन घ्या आणि क्रमांक २१ किंवा २५ घ्या. जावाचा नवा क्रमांक दर सहा महिन्यांनी येतो. एक मार्चमध्ये, मोह गळायला लागतो तेव्हा, आणि एक सप्टेंबरात, पाऊस सरता सरता. सगळ्यांमागे धावायचं कारण नाही. ८, ११, १७, २१, २५ हे लांब पल्ल्याचे. त्यांची डागडुजी वर्षानुवर्षं चालते. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा सुरक्षेची दुरुस्ती येते आणि गठ्ठा पुन्हा बांधून ठेवला जातो. खुलं म्हणजे बेवारस नव्हे. हक्क मिळालेल्या जंगलात वणव्याच्या दिवसांत जागणारी माणसं असतात, तशी इथेही आहेत.

आता बसवायचं कसं.

विंडोजवर अडॉप्टियमच्या संकेतस्थळावरून एमएसआय फाइल उतरवून घ्यायची आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारायची. पुढे ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटायची आपली सवय आहे, पण एका पाटीवर थांबायचं. तिथे एक यादी येते. तीत ‘जावा-होम’ नावाच्या ओळीसमोर बारीक लाल फुली असते. त्या फुलीवर टिचकी मारून ‘हेही बसव’ असं सांगायचं. पाथची, म्हणजे जावाचा पत्ता विंडोजला सांगणारी, ओळ आधीच चालू असते. एवढं केलं की झालं. नाही केलं तर पुढे कधीतरी एखादं दुसरं अवजार विचारेल, की जावाचं घर कुठे आहे, आणि आपल्याला ते सांगता येणार नाही.

ही पाथची भानगड फार जणांनी भोगली आहे. जावा लॅपटॉपवर असते, फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसते, आणि काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, तिचं नाव टंकलं की उत्तर येतं: असली कोणती आज्ञा आतलीही नाही नि बाहेरचीही नाही. भाचीच्या लॅपटॉपवर हेच येत होतं. तिच्या वर्गातल्या एकानं कुठूनतरी जुनी जावा बसवून दिली होती, तिचा पत्ता कोणालाच सांगितला नव्हता. वर आणखी एक बारकावा असा, की जी काळी खिडकी आधीपासून उघडी आहे तिला नवा पत्ता कळतच नाही. ती बंद करून नवी उघडायची. कित्येक पोरं इथेच हताश होऊन आख्खं विंडोज पुन्हा टाकून घेतात. दुकानदार त्याचे पैसे घेतो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणखी एक पेच असतो. यंत्राचा ॲडमिन पासवर्ड ज्यांच्याकडे असतो ते सर नेमके रजेवर. त्यावर उपाय म्हणजे झिप. टेमुरिनची झिप फाइल मिळते. ती कुठल्याही फोल्डरात उघडायची, आतल्या ‘बिन’ फोल्डरचा पत्ता आपल्या स्वतःच्या खात्याच्या पाथमध्ये लिहायचा, आणि काम सुरू. कोणाची सही लागत नाही. आयुष्यभर सह्यांच्या मागे फिरलेल्या माणसाला यात किती समाधान आहे हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना कळेल की नाही, शंका आहे.

नव्या विंडोजवर विंगेट म्हणून सोय आहे. एक ओळ टंकली की तेच शोधतं, तेच आणतं, तेच बसवतं. उबुंटू असेल तर त्याहून सोपं: ‘सुडो अॅप्ट इन्स्टॉल डिफॉल्ट-जेडीके’, अर्थात रोमन लिपीत. एकाच यंत्रावर दोन-तीन क्रमांक नांदवायचे असतील, म्हणजे जुन्या कामाला ८ आणि नव्याला २१, तर लिनक्स-मॅकवर एसडीकेमॅन हे खुलं अवजार आहे. कोणकोणते गठ्ठे मिळतात त्याची लांबलचक यादीच ते पुढ्यात टाकतं आणि क्षणात एकावरून दुसऱ्यावर नेतं. मॅकवर होमब्रू आहे. आमच्याकडे मॅक बघायला मिळतो तो लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांकडे, आणि त्यांना जावा लागत नाही, म्हणून ते इथेच सोडतो.

पण आमच्या दोन जिल्ह्यांतली खरी पंचाईत पुढे आहे. गठ्ठा दोनशे एमबीच्या आतबाहेर असतो. चंद्रपूर शहरात ते एक कप चहा होईपर्यंत उतरतं. एटापल्लीच्या आत, भामरागडच्या पलीकडे, जिथे फोनला एक काडी मिळवायला माणूस टेकडी चढतो, तिथे दोनशे एमबी हा अख्ख्या दिवसाचा कार्यक्रम आहे. दुपारपर्यंत अर्ध्यावर येतं, मग लाइट जाते. अशा ठिकाणी दोन सोयी कामाच्या. एक म्हणजे फोनच. टर्मक्स नावाचं खुलं ॲप अँड्रॉइडवर टाकलं की त्यात ओपनजेडीके एका ओळीत बसते, आणि लॅपटॉप नसलेलं पोरगंही फोनवर प्रोग्रॅम लिहून चालवू शकतं. बोटं दुखतात, पण प्रोग्रॅम चालतो. दुसरी सोय पेनड्राइव्ह. एकानं एकदा उतरवावं, बाकीच्यांनी नकलून घ्यावं. मग बसवायला इंटरनेटचं नावही काढावं लागत नाही.

पेनड्राइव्ह म्हटलं की आमच्याकडे कोणीही एक पाऊल मागे जातं. गावोगावच्या कॅफेतून फिरून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये फोल्डरांच्या जागी शॉर्टकट झालेले असतात आणि त्यांच्याआड कसला ना कसला व्हायरस दबा धरून असतो. मग मित्राकडून आलेली ही फाइल अडॉप्टियमनं बांधलेलीच आहे, वाटेत कोणी बदलली नाही, हे ओळखायचं कसं?

इथे माझं कारकुनी रक्त सळसळलं. कारण याची टीपी असते! प्रत्येक फाइलसोबत अडॉप्टियम चौसष्ट चिन्हांचा एक आकडा प्रसिद्ध करतं. शा-२५६ म्हणतात त्याला. फाइलमधलं एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी तो आकडा पार बदलतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासूनच असते. ती आपल्या हातातल्या फाइलचा आकडा काढून देते. दोन्ही जुळले तर माल खरा. आकडा संकेतस्थळावरून पाहायला दोनशे एमबी लागत नाहीत, टेकडीवरची एक काडीही पुरते. आणि तो संकेतस्थळावरूनच पाहायचा. पेनड्राइव्हवरच लिहून आलेल्या आकड्याचा उपयोग नाही, चोराच्या ट्रकमधली टीपीही चोरानंच लिहिलेली असते.

मी आकडा कागदावर उतरवून घेतला, लाल पेन काढलं आणि भाचीला पडद्यावरचा एकेक अंक वाचायला लावला. विसाव्या चिन्हाच्या आसपास तिचा धीर सुटला.

“मामा, हे कॉम्प्युटर सोतः जुळवून दाखवते. कॉपी-पेस्ट केलं का झालं.”

“दाखवत असेल. नाक्यावर डोळ्यांनी बघतात.”

“इथं कुठं नाका हाये जी?”

चौसष्टच्या चौसष्ट जुळले. तिनं नवी काळी खिडकी उघडली, जावाला तिचा क्रमांक विचारला आणि तीन ओळी उमटल्या. पहिलीत ‘ओपनजेडीके’ आणि २१, दुसरीत ‘टेमुरिन’, तिसरीतलं आम्हा दोघांनाही कळलं नाही. मग तिनं पहिला प्रोग्रॅम लिहिला. सगळं जग ‘हॅलो वर्ल्ड’ लिहितं. तिनं ‘जोहार’ लिहिलं, तेही देवनागरीत. काळ्या खिडकीनं आधी जोहाराच्या जागी प्रश्नचिन्हं काढली. ते नीट करायला जावा बसवण्यापेक्षा जास्त वेळ गेला, पण ती वेगळी रड आहे.

एवढा खटाटोप कशाला, असं घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारलंच. त्यांना मी शेजारच्या छत्तीसगडातली गोष्ट सांगितली. बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेचं दवाखान्याचं काम आहे. तिथल्या गरजेतून बाह्मनी नावाची दवाखाना चालवायची खुली प्रणाली उभी राहिली. रुग्णाची नोंद, तपासण्या, औषधं, सगळं एका ठिकाणी. आज ती कितीतरी देशांत वापरतात. तिच्या पोटात ओपनएमआरएस ही रुग्णनोंदींची खुली प्रणाली आहे आणि ती जावात लिहिलेली आहे. खेड्यातल्या दवाखान्यासाठी बांधलेली वस्तू जगभर गेली, कारण खालपासून वरपर्यंत कुठेच कोणाची टीपी अडली नाही.

खुल्या जावात लिहिलेला आपला प्रोग्रॅमही मग फुकटच वाटावा लागतो का, असं भाचीनं जाताना विचारलं. तिला नोकरीची काळजी. जावाचा परवाना जीपीएल आहे खरा, पण त्याला क्लासपाथचा अपवाद जोडलेला आहे. जावात फेरफार करून ती वाटलीत तर तो फेरफार खुला ठेवावा लागतो. जावा वापरून लिहिलेला तुमचा प्रोग्रॅम मात्र तुमचा. विका, ठेवा, काय वाटेल ते करा. बांबू गावाचा, पण त्याचं सूप विणलं बुरडानं, तर सुपाचे पैसे बुरडाचेच. हा हिशेब तिला एका दमात कळला. शहरातल्या काही मोठ्या कंपन्यांच्या वकिलांना तो कळायला बरीच वर्षं लागली.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, दरवर्षी. म्हणून आतल्या गावांत पावसाळ्यातल्या महिन्यांचं धान्य मे-जूनमध्येच पोचवून ठेवतात. मला वाटतं, त्याच गाडीतून प्रत्येक शाळा-कॉलेजात एकेक पेनड्राइव्हही जायला हरकत नाही: विंडोजची झिप, उबुंटूची फाइल, बसवायची कृती मराठीत एका पानावर. आकडा कुठे पाहायचा, तेही त्याच पानावर. ज्यांच्याकडे चांगलं नेट आहे अशा चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा, ब्रह्मपुरीच्या पोरांनी एवढं काम हाती घ्यावं. जावा नकलून देणं चोरी नाही, परवान्यातच तशी मुभा आहे. फक्त त्या झिपमध्ये ‘लीगल’ नावाचा एक फोल्डर असतो आणि एक नोटीसची फाइल असते. जागा वाचवायला म्हणून ती दोन्ही काढून टाकू नका; मालासोबत कागद गेलाच पाहिजे.